दोन ओळींचा निर्णय

"परत ठेव," बाबा म्हणाले.

मी लाकडाचा काप चिमट्याने उचलला, वजनकाट्यावर पुन्हा ठेवला आणि आकडा स्थिर होण्याची वाट पाहिली. पन्नास ग्रॅम. मघाशीही पन्नासच होते.

"आणि ओव्हनमध्ये घालायच्या आधी?"

"पंचावन्न पूर्णांक सहा," मी वहीत पाहून सांगितले.

पुढचा हिशेब करायला कागद नको होता. उडून गेलेल्या पाण्याचे वजन भागिले कोरड्या लाकडाचे वजन. हा भागाकार बाबांनी मला शाळेतल्या बाईंच्या आधी शिकवला होता. ओलावा अकरा पूर्णांक दोन टक्के. उरलेले पाच कापही त्यांनी एकेक करून माझ्याकडून वजन करून घेतले. कुठला अकराच्या जरा खाली, कुठला जरा वर. बारापर्यंत एकही पोचला नाही.

चार दिवसांपूर्वी याच टेबलाशी बसून त्यांनी सांगितले होते आणि मी टाइप केले होते: पंधरा टक्के.

"मीटर आण."

मीटर म्हणजे हातात मावणारी पेटी. तिच्या दोन सुया लाकडात टोचल्या की काटा ओलावा दाखवतो. बाजूला एक चकती असते. लाकूड ज्या जातीचे असेल त्या आकड्यावर ती फिरवून ठेवायची, नाहीतर काटा भलतेच काहीतरी दाखवतो. बाबांनी मीटर खिडकीशी नेले, नाकाजवळ धरले, तिरके करून पाहिले आणि शेवटी माझ्या हातात दिले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि ऑपरेशन ते दोन वर्षे 'बघू' म्हणून पुढे ढकलत होते.

"चकती कितीवर आहे?"

"दोनवर."

मोजलेल्या फळ्यांना चार हवे होते. मग दोनवर कशी, हे मी विचारले नाही, कारण मला ठाऊक होते. दोन म्हणजे आमच्या न्हाणीघराच्या दाराचे मऊ लाकूड. ते दार फुगून लागेनासे झाले होते आणि मी आठवडाभर त्यांच्यामागे भुणभुण लावली होती. "जगाची लाकडं मोजता, घरचं एक दार बघायला फुरसत नाही," असेही मी बोलले होते. ते चिडून मीटर घेऊन उठले. एरवी काम झाले की चकती शून्यावर आणायची आणि मगच मीटर पेटीत. त्या दिवशी अंगात कणकण होती, म्हणून ते तसेच जाऊन झोपले. पुढे फळ्या मोजताना तापाच्या ग्लानीत चकती फिरवायची राहिली असणार आणि तिच्यावरचा बारीक आकडा त्यांना दिसला नसणार.

लाकडाच्या धंद्यातले लोक बाबांना टक्केसाहेब म्हणत. ज्याने आयुष्यात कुणाचे पेनसुद्धा घेतले नाही त्याला असे नाव पडावे, याची आईला फार गंमत वाटे. नव्या माणसाची समजूत व्हायची की हे साहेब टक्के खातात. साहेब फक्त मोजत. चौतीस वर्षे त्यांनी लाकूड तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली आणि निवृत्त झाल्यावर व्यापारी आपल्या करारांत त्यांचे नाव घालू लागले. माल ओला की कोरडा यावर वाद झाला तर तो यांच्याकडे न्यायचा. हे लवाद नव्हेत, तज्ज्ञ. यांचा निर्णय अंतिम आणि दोन्ही पक्षांना बंधनकारक. कारणे देण्याचे बंधन यांच्यावर नाही. लवाद झाला तरी दोन्ही बाजू ऐकतो, कागद मागवतो, तारखा देतो. बाबा तसले काही करत नसत. ते जात, मोजत, घरी येत आणि दोन ओळी सांगत. पहिल्या ओळीत मालाचे वर्णन, दुसरीत आकडा, खाली सही.

तिसरी ओळ त्यांनी कधी लिहिली नाही. "कारण लिहिलं की लोकांना धरायला शेपूट मिळतं," हे त्यांच्या जुन्या साहेबांचे शिकवणे. काम संपले की त्या मालाचे कच्च्या वहीतले पान फाडून टाकायचे, हे दुसरे. बाबांनी दोन्ही जन्मभर पाळले. घरीही तीच तऱ्हा. आई म्हणायची, या माणसाला काय ते विचारा, का ते विचारू नका. माझे लग्न तीन वर्षांत आटोपले आणि मी बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा बाबांनी बॅग आत नेऊन ठेवली आणि माझी खोली झाडली. कारण त्या दिवशी विचारले नाही आणि पुढे बावीस वर्षांतही नाही. मला ते बरे वाटायचे. कधीकधी नाही वाटायचे.

या खेपेचा वाद साधाच होता. एका बाईंची लाकूड वाळवण्याची भट्टी होती. त्यांनी दरवाजांच्या एका कारखान्याला फळ्या दिल्या. करारात होते, ओलावा बारा टक्क्यांच्या वर नको. कारखान्याने दारे बनवली आणि ती वाकली. कारखाना म्हणाला फळ्या ओल्या, बाई म्हणाल्या खडखडीत वाळलेल्या. निर्णयाची मुदत दहा दिवस. त्यातले आठ बाबा तापाने अंथरुणावर. नवव्या दिवशी ते हट्टाने गेले, उरलेल्या फळ्यांवर चाळीस ठिकाणी मीटर टोचले, सहा काप करवतून आणले. काप ओव्हनमध्ये पूर्ण वाळायला दीड दिवस लागतो आणि दर वेळी ते ओव्हनचे उत्तर पाहूनच सही करत. या वेळी मुदत दहाव्या दिवशी संध्याकाळी संपत होती. मीटर पंधरा म्हणत होते. त्यांनी पंधरा सांगितले.

मी टाइप करताना थांबले होते. पाठीमागे ओव्हन चालू होता, त्याची घरघर मला ऐकू येत होती. दोन्ही पक्षांना फोन करा आणि एक दिवस मागून घ्या, एवढे मी म्हणायला हवे होते. म्हटले नाही. या घरात 'का' विचारायची जीभच राहिली नव्हती माझ्या तोंडात. पाकिटे गेली, बाबांचा ताप उलटला, आणि ओव्हन बिचारा चार दिवस चालूच राहिला.

"आधी फोन करू का बाईंना?" मी विचारले.

"नको. हे फोनवर सांगायचं नसतं." ते इस्त्रीचा शर्ट शोधू लागले.

आम्ही बसने गेलो. भट्टी म्हणजे विटांची एक लांबलचक खोली, तिला लोखंडी सरकते दार, आत वाफेचे पाइप आणि पंखे. आम्ही पोचलो तेव्हा ते दार काढून भिंतीला टेकवले होते. पंखे खाली उतरवून ओळीने मांडले होते. बाई केसांना फडके बांधून आत ओणव्या होऊन काहीतरी तपासत होत्या. नवरा गेल्यापासून अकरा वर्षे भट्टी त्याच चालवत. बाबांना पाहून त्या हात पुसत बाहेर आल्या.

"बरं झालं आलात, साहेब. मला भांडायचं नाही हां तुमच्याशी. पंधरा म्हणजे पंधरा. फक्त एवढं सांगा, माझं चुकतंय कुठे? सगळं खोलून बसलेय. पंखे ठीक, पाइप ठीक. मला काही सापडतच नाहीये."

बाबा म्हणाले, "भट्टी सांभाळणारे मिस्त्री कुठे आहेत?"

"काढलं त्याला." बाईंनी दुसरीकडे पाहिले. "बावीस वर्षं होता. यंत्रात दोष नाही म्हणजे माणसातच असणार ना? मी म्हटलं, झोप लागली होती का, वाफ कमी पडली का, सांगून टाक, मी काही खात नाही तुला. तर म्हणतो, लाकूड वाळलं होतं. म्हटलं, टक्केसाहेबांनी सही केलीय पंधरावर, ते खोटं बोलतात का? तर नुसता बघत राहिला माझ्याकडे. मी खोटारडा म्हटलं त्याला. चार लोकांसमोर म्हटलं."

बाबांचा हात चाचपडत माझ्या दंडाशी आला आणि त्याने तो घट्ट धरला.

"बाई, तुमचं लाकूड बरोबर होतं. चूक माझी आहे."

त्यांनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. चकती, दोन, चार, ताप, ओव्हन, अकरा पूर्णांक दोन. इतकी सलग कारणे मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. बाई फळ्यांच्या थप्पीवर बसल्या. त्या चिडतील, आरडाओरडा करतील, असे मला वाटले होते. तसे झाले असते तर बरे झाले असते. त्यांनी त्या काढलेल्या दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मग दुसरं पत्र लिहा की."

"तेच करायला आलोय."

पण दुसरे पत्र लिहायचा बाबांना अधिकारच नव्हता, हे त्याच दुपारी बाईंच्या वकिलांच्या ऑफिसात कळले. वकील तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी बाबांचे पत्र हातात घेतले. वाचायला दहा सेकंद लागले असतील.

"करारात दुरुस्तीची सोय आहे," ते म्हणाले. "पण कलम असं आहे की चूक निर्णयपत्रावरूनच उघड दिसली पाहिजे. बेरीज चुकली, भलत्याच मालाचं नाव पडलं, असं काहीतरी. साहेब, या दोन ओळींत चूक दिसायला जागा कुठे आहे?"

"मी स्वतः सांगतोय ना, चुकलो म्हणून."

"तुम्ही सांगताय. पण तुमचं काम सही केलीत तिथे संपलं. आता तुम्ही या प्रकरणात कुणीच नाही." वकिलांना आपलेच बोलणे लागले असावे, कारण त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "एक ओळ लिहिली असतीत, की मीटर दोनवर ठेवून मोजलं, तरी मी हे पत्र फिरवून दाखवलं असतं. आता एकच रस्ता आहे. कारखान्याने आपणहून कबूल केलं पाहिजे, की पुन्हा मोजू या."

बाबा पत्राकडे पाहत राहिले. अक्षरे त्यांना दिसत नव्हती, हे मला माहीत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. तिसरी ओळ लिहायला काय लागत होते?

दुसऱ्या दिवशी आम्ही दरवाजांच्या कारखान्यात गेलो. मॅनेजरांनी बाबांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला, शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्यांच्या काचेतून मागचे गोदाम दिसत होते. तयार दारे भिंतीला टेकवून ठेवलेली आणि भिंतीवर कमरेपर्यंत ओलीचा पट्टा चढलेला. बाबांना तो दिसत नव्हता. मी सांगितला.

"दारं तिथे ठेवता तुम्ही?" बाबांनी विचारले.

"दारं का वाकली, हे तुम्हाला विचारलं नव्हतं, साहेब," मॅनेजर शांतपणे म्हणाले. "फळ्यांत ओलावा किती, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर तुम्ही दिलंत."

"ते उत्तर चुकलंय."

"असेल." त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. "नऊ वर्षांपूर्वी तुम्ही आमच्याविरुद्ध निर्णय दिला होता. अख्खी खेप परत घेतली आम्ही. मी तेव्हा नवा होतो. तुमच्या घरी आलो होतो. म्हटलं, साहेब, एकदा परत मोजा, नाहीतर माझी नोकरी जाईल. आठवतं?"

"आठवतं."

"काय म्हणालात?"

"निर्णय झाला, म्हणालो."

"मग आता वेगळा नियम कशाला?" मॅनेजर म्हणाले. ते दुष्टपणे बोलत नव्हते. आम्हाला सोडायला ते फाटकापर्यंत आले आणि पायरी आहे, जपून, असेही त्यांनी बाबांना सांगितले.

घरी आल्यावर बाबांनी कपाटातली फाइल काढायला लावली. एकशे सत्तावीस निर्णयांच्या प्रती. मी एकेक वाचत गेले. माल अमुक, ओलावा अमुक. माल अमुक, ओलावा अमुक. विसाव्या पत्राशी त्यांनी मला थांबवले.

"मॅनेजर आला होता तेव्हा मी बरोबर होतो का गं?"

"तुम्ही तेव्हा ओव्हन बघूनच सही केली असणार."

"असणार," ते म्हणाले. "पण आता तपासायचं कशावरून?"

वहीची पाने त्यांनीच फाडली होती. ते त्या फाइलशी बसून राहिले, आणि जेवायला बोलावले तर आज भूक नाही म्हणाले. मी त्यांचे ताट झाकून ठेवले आणि स्वतःही धड जेवले नाही.

दहा दिवसांनी बाईंचा फोन आला. कारखान्याने फळ्या परत पाठवल्या होत्या आणि वाकलेल्या दारांची भरपाईही मागितली होती. भट्टी विकायला काढली होती. घेणारा ती पाडून तिथे गोदाम बांधणार होता. "तुमच्यावर राग नाही, साहेब," बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "आहे. पण त्याचं काय करू?" मिस्त्रींचे काय, असे बाबांनी विचारले. बाईंचे जायचे धाडस झाले नव्हते. "कुठल्या तोंडाने जाऊ? आणि परत बोलावू तरी कशावर?"

बाबांनी पत्ता लिहून घ्यायला सांगितले.

मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. जिना अंधारा होता; बाबा कठडा धरून एकेक पायरी मोजत चढले. साठीचा, रुंद हातांचा माणूस, घरात बसून राहायची सवय नसलेला. आतल्या खोलीत त्यांची बायको शिलाई मशीनवर होती. मिस्त्रींनी बाबांना ओळखले आणि ते उठून उभे राहिले, आणि मला ते उभे राहणे सहन झाले नाही.

बाबांनी तिसऱ्यांदा सगळे सांगितले.

"मला माहीत होतं," मिस्त्री म्हणाले. "फळी हातात घेतली की कळतं. वजनावर कळतं, वाजवली की कळतं. पंधराची फळी अशी वाजतच नाही."

"मग बाईंना ठासून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. पण तुमची सही होती, साहेब. मलाच वाटायला लागलं, आपला हात गेला की काय." ते जरासे हसले. "दोन ठिकाणी काम मागायला गेलो. दोघंही म्हणाले, तुमची खेप पंधरावर गेली ना? धंद्यात बातमी पसरायला काय वेळ लागतो?"

मशीन थांबले. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

"हे रोज म्हणायचे, मी झोपलो नव्हतो," ती म्हणाली. "मी म्हटलं, असेल लागला डोळा, वय झालंय, कबूल करा आणि मोकळे व्हा. एवढा मोठा माणूस चुकीचं कशाला लिहील? रोज म्हटलं मी यांना." तिने पदराने तोंड पुसले. "तुम्ही आता बोललात ते लिहून द्या."

"वहिनी, त्याला कायद्याने काही किंमत नाही. बाईंची भट्टी त्याने वाचत नाही."

"कायद्याला कोण दाखवतंय? काम मागायला जातील तिथे दाखवतील."

बाबांनी माझ्याकडे हात केला. मी पर्समधून कागद काढले आणि म्हटले, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते नाही म्हणाले. मिस्त्रींच्या बायकोने शिवायला घेतलेले कपडे उचलून मशीनचा पाट मोकळा करून दिला आणि बाबा तिथे बसून स्वतः लिहू लागले. ओळी एकमेकींवर चढत होत्या. मध्येच त्यांचे पेन कागदाबाहेर जाई आणि पाटावर रेघ उमटे. एकदा मान वर करून त्यांनी विचारले, "चूक कशी झाली, तेही लिहू?"

"लिहा की," मिस्त्री म्हणाले. "सगळं लिहा."

तासाभराने चार पाने झाली. बाबांनी ती वाचून दाखवायला उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. आपलेच अक्षर त्यांना लागेना. त्यांनी पाने माझ्याकडे दिली.

मी वाचले. फळ्यांची जात, चाळीस ठिकाणचे मोजमाप, चकती कुठे हवी होती आणि कुठे होती. त्यांच्या डोळ्यांचे आणि तापाचे त्यांनी काही लपवले नव्हते. 'घरचे एक दार मोजले होते' असे लिहिले होते. कुणी मोजायला लावले, ते लिहिले नव्हते. त्या ओळीशी थांबून मी बाबांकडे पाहिले. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी पुढे वाचत गेले. सहा कापांची वजने, आधीची आणि नंतरची. भागाकार. सरासरी ओलावा.

मिस्त्री हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. त्यांनी एक हात वर केला.

"तो आकडा परत वाचा, ताई."

"अकरा पूर्णांक दोन."

त्यांनी बायकोकडे पाहिले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"शेवटची खेप होती ती आपल्या भट्टीची," ते म्हणाले. मग मला पुढचे वाचायची खूण केली.